मावळतीकडे निजलेली लेकरं

दाजी, तुमची कबर कुठे आणि कोणत्या दिशेने खणायची हे अखेर अक्काने ठरवलं. तुम्हाला ते कळवणं भाग आहे. तुम्हा नवरा-बायकोत इतकी वर्षं एकच मोठा वाद होता, तो कबरींवरूनच होता, आणि त्याचा निकाल लागला तेव्हा तुम्ही प्रार्थनामंदिराच्या ओसरीत पांढऱ्या चादरीखाली होतात.

वर्तमानपत्रात मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत देण्याची शिस्त आहे. नोकरीत मी ती पाळतो. इथे मात्र निकाल मागे ठेवतो आणि वाद आधी सांगतो. तुम्हाला तो ठाऊक आहे, पण हे तुमच्या पाठीमागून आणखी चार माणसं वाचणार आहेत.

हिंगोलीच्या जुन्या छावणीपलीकडे आपली दफनभूमी आहे. आत शिरल्यावर आधी गोऱ्या शिपायांची दगडी थडगी लागतात, मग आपल्या माणसांचे मातीचे उंचवटे. सगळे पूर्व-पश्चिम. डोकं मावळतीला, पाय उगवतीला, म्हणजे शेवटच्या दिवशी उठून बसणाऱ्याचं तोंड सरळ पूर्वेकडे, प्रभू येईल त्या दिशेला. वस्तीतल्या पोरांना हे कुणी शिकवत नसे, उंचवटे पाहूनच कळे. पश्चिमेच्या भिंतीजवळची एकच ओळ वेगळी आहे. एकाला एक लागून सात लहान उंचवटे, आणि ते उत्तर-दक्षिण. त्यांतला एक तुमच्या सगूचा. कोणता, ते कुणालाच ठाऊक नाही.

पटकीच्या त्या साली पावसाळ्यात ख्रिस्ती वस्तीतल्या घराघरांत माणसं पडली होती. तुम्ही उपदेशक म्हणून हट्ट्याच्या बाजूच्या खेड्यांत फिरत होता आणि नदीला पूर आल्यामुळे तिकडेच अडकला होता. अक्का स्वतः पटकीने बेशुद्ध होती. तीन वर्षांची सगू गेली तेव्हा पोरगी गेल्याचं आईला कळलं नाही, आणि बापाला ती आजारी पडल्याचंही कळलं नव्हतं. वस्तीतली सात लेकरं एका बैलगाडीत घालून नेली. खणायला आपल्यातलं धड माणूस उरलं नव्हतं, म्हणून गावातल्या कबरस्तानात काम करणाऱ्या रहीमचाचांना कुणीतरी बोलावून आणलं. पावसात त्यांनी सात खड्डे खणले आणि त्यांच्याकडे कबर जशी खणतात तशीच खणली. डोकं उत्तरेला, तोंड मावळतीकडे वळवलेलं. गाडीवानाने लेकरं खाली दिली, त्यांनी ती ठेवली. पुढे पटकीने गाडीवानही गेला.

तुम्ही परत आलात त्या सुमारास मीही हैदराबादेहून रजा घेऊन पोचलो होतो. म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांदेखतचं आहे. तुम्ही आधी दफनभूमीत गेलात, ती आडवी ओळ पाहिलीत आणि तिथून तडक रहीमचाचांच्या घरी. मी मागोमाग. मला वाटलं, भांडण होणार. चाचांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी दारातच हात जोडले.

"मेरे कू क्या मालूम भाई, तुमारे में सर किधर रखते," ते म्हणाले. "पूछने कू कोई खडाच नै था. मैं अपने बच्चों के सरीका सुलाया."

"चाचा, मी तकरार घेऊन आलो न्हाई," तुम्ही म्हणालात. "मी नसताना तुमी माज्या लेकराला निजवलं. तेवढं सांगाया आलो."

चाचांनी आत वळून चहा टाकायला सांगितला. परत येताना कयाधूच्या पुलावर तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "बगा पाव्हणे, गाडलं म्हणाला न्हाई. निजवलं म्हणाला. आमच्या प्रभूनं एका मेलेल्या पोरीबद्दल हेच म्हटलं, निजलीय म्हणून, तर लोक हसले व्हते. ह्या माणसाला कुणी शिकवलं आसंल?"

लेकरू गेल्यावर महिन्याच्या आत माणूस अशा गोष्टीचं नवल करतो, हे मला तेव्हा बरं वाटलं नाही.

नवल करणं हा तुमचा स्वभावच होता आणि तो कधीकधी लोकांना जड जाई. कळमनुरीच्या रस्त्यावर एकदा हळदीची काढणी चालली होती. तुम्ही गाडीतून उतरलात, मातीने भरलेली ओल्या हळदीची एक कांडी उचललीत आणि मोडलीत. आत केशरी.

"पाव्हणे, हा रंग आत काहून?"

मी म्हणालो, त्या मुळात तसं काही द्रव्य असतं.

"ते बराबर. पर मातीच्या पोटात, अंधारात रंग काहून? फुलाचं समजतं, माशी यावी म्हणून. ह्याला तिथं कोण बघून राहिलंय?"

"काही कारण असेल. अजून सापडलं नसेल."

"आसंल की. सापडलं तर मला कळवा. तवर मी नवल करतो." आणि तुम्ही दुसरी कांडी मोडलीत.

शेताचा मालक बांधावरून म्हणाला, "उपदेशक, नवल एकीचंच करा. धा मोडू नका."

तुम्ही मोडलेल्या दोन्ही कांड्या धोतराच्या सोग्यात बांधून घेतल्यात आणि अक्काला आणून दिल्यात. ती म्हणाली, "एवढी लांब जाऊन हळद आनली व्हय? घरात हाय की."

तुमच्या उपदेशाचीही हीच तऱ्हा. थंडीच्या दिवसांत मी एकदा तुमच्याबरोबर हट्ट्याच्या वाटेवर एका तांड्यावर आलो होतो. तिथल्या एका म्हातारीने तुमचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुजा देव मेला म्हनतोस?"

"मेला."

"मंग?"

"तिसऱ्या दिशी उठला."

"मंग आता कुटं हाय?"

"तेच धुंडून राहिलोय, आजी. तुला घावला तर मला बी सांग."

म्हातारी म्हणाली, "आमचा बैल हरवला की आमी बी आसंच इचारत फिरतो." तांडा हसला. सगळ्यात जास्त तुम्ही हसलात. गाडीत बसल्यावर मी म्हणालो, दाजी, असा उपदेश करून एकही माणूस तुमच्या मागे यायचा नाही. तुम्ही बैलांकडे बघत म्हणालात, "खोटं कुठं बोललो?" त्या तांड्यावरचं कुणी आपल्यात आलं नाही, हेही इथे नोंदवायला हवं. पण त्या वाटेने गेलात की म्हातारी तुम्हाला ताक देत असे आणि विचारत असे, घावला का.

आता वाद.

आपल्याकडे ईस्टरच्या आदल्या दिवशी कबरींना चुना लावतात, आणि ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी फुलं आणि मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जाते. "प्रभू उठला आहे," पाळक म्हणतात. "खरोखर उठला आहे," सगळे म्हणतात, आणि मग जो तो आपापल्या माणसापाशी जातो. सगू गेल्यानंतरच्या पहिल्या ईस्टरला तुम्ही सातही उंचवट्यांना चुना लावला होता आणि सातांवर सात फुलं ठेवलीत. त्या सातांपैकी दोघांचे आईबाप पटकीत गेले होते, एक कुटुंब गाव सोडून परभणीकडे गेलं होतं. अक्का एकच फूल घेऊन आली होती. सगळे आपापल्या माणसापाशी बसले. ती ते फूल हातात धरून ओळीच्या टोकाशी उभी राहिली. उजाडलं, ऊन वर आलं, लोक निघाले. फूल हातातच होतं. तिने ते घरी परत आणलं.

घरी आल्यावर तिने मला विचारलं, "दान्या, तू लोकांच्या खबरा काढतोस. माज्या पोरीची काढशील?"

खबर काढणं हा माझा धंदा होता. मी काढली. ज्या बायकांनी लेकरं गुंडाळली त्यांना भेटलो, गाडी ज्या क्रमाने घरांवरून गेली तो क्रम विचारून घेतला, रहीमचाचांना दोनदा भेटलो. निष्पन्न झालं ते असं. सातही लेकरांना एकाच थानातलं मांजरपाट गुंडाळलेलं होतं. गाडी भरताना जो क्रम होता तो उतरवताना मोडला, कारण बैल चिखलात बसले आणि लेकरं उतरवून गाडी ढकलावी लागली. चाचांना एवढंच आठवत होतं की दोन लेकरं फारच हलकी होती. त्यापुढे पुरावा नव्हता.

हे मी तुम्हा दोघांना तुमच्या घरात सांगितलं. अक्का चुलीपुढे भाकरी करत होती. मी शेवटी म्हणालो, "निश्चित काही सांगता येत नाही, आणि आता येणारही नाही."

अक्काचे हात थांबले.

तुम्ही म्हणालात, "बरं झालं."

"काय बरं झालं?" अक्काने विचारलं.

तव्यावरची भाकरी करपली. तिने ती तशीच उचलून तुमच्या ताटात टाकली. तुम्ही ती खाल्लीत.

मी तुम्हाला बाहेर नेलं आणि जरा कडक शब्दांत विचारलं. तुम्ही अंगणातल्या दगडावर बसलात आणि म्हणालात, "पाव्हणे, मला माजा सोभाव ठाऊक हाय. आपलं कोणतं ते कळलं आसतं तर मी तिथंच बसलो आसतो. बाकी सा जणांकडं ढुंकून बगितलं नसतं. आता न्हाई कळत, तर सातांना चुना लावावा लागतो. ती दोगं, त्यांच्याकडं कोण येणार व्हतं? देवानं माज्यापासून माजं लेकरू लपवलं, म्हणून मला ती दिसली. हे मला उमगत न्हाई. पर ह्यात काय तरी हाय."

मी आत गेलो आणि हे अक्काला जसंच्या तसं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते उपदेशक हायेत. सातांपाशी बसतील. मी आई हाय, दान्या. मला एकापाशीच बसायचंय."

दाजी, मी त्या दिवशी अक्काच्या बाजूचा होतो. आजही आहे. तुमचं म्हणणं मोठं होतं. तिचं लहान होतं आणि तिला ते मिळायला हवं होतं.

तरी एक गोष्ट तुमच्या बाजूने लिहितो, कारण ती पाहणारा मी एकटाच होतो. पुढच्या एका सुट्टीत, उन्हाळ्याच्या दुपारी, तुम्हाला जेवायला बोलवायला मी दफनभूमीत आलो. चुन्याची बादली आणि कुंचा बाजूला होता आणि तुम्ही सातव्या उंचवट्याच्या शेजारी जमिनीवर निजला होतात, डोकं उत्तरेला करून, उजव्या कुशीवर. मला आधी भीती वाटली.

"दाजी, काय करून राहिले?"

"बगून राहिलो," तुम्ही न उठता म्हणालात. "ह्यांना काय दिसतं ते."

"काय दिसतं?"

"मावळती. आपन समदे उगवतीकडं डोळे लावून पडनार. ह्या सातांना तेवढी मावळती दिलीय." मग म्हणालात, "मावळतीला बी कुणी बगाया पायजे का न्हाई?"

तुम्ही उठून बसलात तेव्हा जमिनीला टेकलेल्या गालाला माती चिकटली होती आणि ती ओली होती. तोवर माझी समजूत अशी होती की तुम्ही दुःखावर देवाचं नाव पांघरून ते झाकता. त्या दुपारी ती समजूत गेली. तुम्ही काही झाकत नव्हता. तुमचं नवल आणि तुमचं रडणं एकाच ठिकाणाहून येत होतं, आणि त्यांपैकी एक बंद करून दुसरं चालू ठेवणं तुम्हाला जमण्यासारखं नव्हतं.

पुढे नगरकडून नवे पाळक आले. माणूस तरुण, शिस्तीचा. त्यांनी दफनभूमी पाहिली आणि मंडळीची बैठक बोलावली. मी त्या आठवड्यात घरी होतो. पाळक म्हणाले, "ख्रिस्ती दफनभूमीत कबरी अशा आडव्यातिडव्या असू नयेत. आतल्या अवशेषांना हात लावायचा नाही. फक्त वरचे उंचवटे मोडून पूर्व-पश्चिम करून घेऊ. आणि कोणता कोणाचा ते ठाऊक नसेल, तर आईबापांनी एकेक निवडावा. त्यावर नावाचा दगड बसवू."

बायकांच्या बाजूला अक्का बसली होती. निवडावा हा शब्द ऐकून तिने मान वर केली.

तुम्ही उठलात. "पाळकसाहेब, वरची माती फिरवाल. आतलं लेकरू?"

"लेकराला प्रभू ओळखतो."

"मंग त्याला दगड कशाला लागतो?"

मागून एका म्हाताऱ्याने टोमणा मारला, "उपदेशकाला घरी बोलू देत न्हाईत, म्हणून मंडळीत बोलून राहिलेत." लोक हसले. तेवढ्यात अक्का उभी राहिली. मंडळीच्या बैठकीत बायका सहसा बोलत नसत, म्हणून हसू आपोआप थांबलं.

"मला एक दगड पायजे," ती म्हणाली. ती पाळकांशी बोलत होती, पण बघत तुमच्याकडे होती.

"दगड खोटा व्हईल," तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज खाली आला होता.

"व्हऊ द्या खोटा. मी खोट्या दगडापाशी खरी रडन."

पाळकांनी एक गीत सुरू केलं आणि पुढच्या बैठकीत पाहू असं म्हणून प्रार्थना केली. पुढच्या बैठकीत तो विषय निघाला नाही. तुम्ही जुने होतात, तुमच्या शब्दाला वजन होतं, पाळक नवे होते. ओळ होती तशीच राहिली. त्या दिवशी घरी जाताना अक्का पुढे चालत होती आणि तुम्ही दहा पावलं मागे. आपल्या भागात नवरा-बायको असे चालत नाहीत. लोकांनी दारं उघडून पाहिलं.

दाजी, हा वाद मी तुमच्याशी पुरा केला नाही. दर सुट्टीत ठरवून यायचो आणि तुम्ही काहीतरी दाखवायचात. सुगरणीच्या अर्ध्या राहिलेल्या खोप्यातली चिखलाची गोळी, विहिरीच्या भिंतीतून उगवलेला उंबर, एखादं वेडंवाकडं भोपळ्याचं फळ. आणि बोलणं राहून जायचं. मला विचारायचं होतं ते एवढंच, की न कळण्यात तुम्हाला जे सापडलं ते तुम्हाला सापडलं. ते दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तुमचा प्रभू तर, तुम्हीच सांगत होता, ज्याला त्याला काय हवं ते आधी विचारत असे. आंधळ्यालासुद्धा त्याने विचारलं, तुला काय पाहिजे.

याला तुमच्याकडे उत्तर असेल. किंवा नसेल, आणि तुम्ही म्हणाला असता, "बराबर हाय तुमचं," आणि तसेच राहिला असता.

जे मी तुमचं देणं लागतो तेही लिहितो. बातमीच्या शेवटी 'कारण समजले नाही' असं लिहायची वेळ आली की मला पूर्वी लाज वाटे, जणू काम अर्धं राहिलं. मग मी आसपासचं एखादं कारण शोधून जोडून देत असे. अलीकडे जोडत नाही. समजलं नाही तर समजलं नाही असं लिहितो, आणि त्या वाक्यापाशी थोडा थांबतो. हे मी छापखान्यात शिकलो नाही.

गेल्या नाताळाला मी चार दिवस घरी होतो. देश स्वतंत्र झाला होता, आपल्या संस्थानाचं काय होणार ते ठरत नव्हतं, गाव दबून होतं. कोण कोणाच्या दारात जातो यावर लोकांची नजर असे. तुम्ही मात्र नाताळाचा फराळ घेऊन रहीमचाचांकडे दरवर्षीसारखेच गेलात. तुम्हाला खोकला होता. मी परत निघालो तेव्हा नको म्हणत असताना तुम्ही स्टेशनवर आलात. गाडी सुटायच्या बेतात होती. तुम्ही खिडकीचा गज धरून म्हणालात, "तुमच्या अक्काला एक सांगायचं राहिलंय माजं."

"काय?"

"तुमाला सांगितलं तर छापताल."

"नाही छापत."

"मीच सांगन," तुम्ही म्हणालात, हसलात, त्या हसण्यातून खोकला सुरू झाला आणि गाडी हलली. मी तुम्हाला पाहिलं ते हे शेवटचं.

तार आली तेव्हा गाड्यांचा भरवसा नव्हता. पूर्णेला गाडी बदलताना बराच खोळंबा झाला. मी पोचलो तेव्हा तुम्हाला आंघोळ घालून झाली होती. अक्का ओसरीत तुमच्या उशाशी बसली होती. मी तिला विचारलं, दाजी तुला काही सांगणार होते, सांगितलं का? हे विचारण्याची ती वेळ नव्हती. पण मला विचारायचीच सवय आहे.

"न्हाई," ती म्हणाली. "दोनदा तोंड उघडलं. एकदा खोकला आला. एकदा मीच म्हटलं, गप पडा, बोलू नका, तकलीफ व्हईल. मला काय ठाऊक."

मग ती म्हणाली, "मला वाटलं, उद्या बोलतील."

मी याच्याबद्दल अंदाज करत नाही. त्या दगडाबद्दल असेल, नसेलही. ते तुमच्याबरोबर गेलं.

दुपारी आम्ही जागा दाखवायला दफनभूमीत गेलो. पाळक, मी, मंडळीतले दोघेतिघे, आणि अक्का. बायकांनी तिला येऊ नको म्हटलं होतं, ती आली. रहीमचाचा कुदळ घेऊन आधीच येऊन बसले होते. आता ते फार थकलेत. आपल्यातले तरुण खणायला होते, पण पहिली कुदळ मीच मारणार असं त्यांनी सांगितलं, आणि त्या दिवसांतही कुणी नाही म्हटलं नाही. ते उठले आणि पाळकांकडे बघून म्हणाले, "इस बखत पूछ लेता हूँ साब. किधर, और सर किधर?"

पाळक म्हणाले, "उपदेशकांची जागा पुढे, जुन्या सेवकांच्या रांगेत ठेवलेली आहे. डोकं—"

"थांबा," अक्का म्हणाली.

ती चालत भिंतीकडच्या ओळीकडे गेली. सगळे तिच्या मागे. ती काय सांगणार हे मला कळलं असं मला वाटलं. तुम्ही त्या लेकरांच्या शेजारी निजून पाहिलं होतं हे तुम्हीच तिला कधीतरी सांगितलं असणार, आणि आता ती तुम्हालाही त्यांच्यासारखंच उत्तर-दक्षिण ठेवायला सांगेल. पाळकांनाही तसंच वाटलं असावं. ते काहीतरी समजावण्याच्या तयारीत होते.

ती ओळीच्या पश्चिमेच्या टोकाला, पहिला उंचवटा आणि भिंत यांच्या मध्ये, जिथे एका माणसापुरती मोकळी जागा आहे, तिथे थांबली.

"इथं," ती म्हणाली. "डोकं मावळतीला, पाय उगवतीला. बराबर आपल्या रीतीनं."

रीत बरोबर होती. पाळकांना हरकत घ्यायला जागा नव्हती. ते एवढंच म्हणाले, "बाई, सेवकांची रांग मानाची आहे."

"इथंच," अक्का म्हणाली.

चाचांनी कुदळ मारली. मी अक्काला हळू आवाजात विचारलं, "इथं काहून?"

तिने हाताने दाखवलं. "ह्यांचं तोंड उगवतीला. लेकरांचं मावळतीला. उठले की समोरासमोर येतील." ती ओळीकडे बघत राहिली. "सगळ्यात आधी जी धावंल ती आपली. ह्यांना तवा तरी कळंल कोणती, न् मला बी."

दाजी, ही गोष्ट तुम्हाला कधी सुचली नाही. तुम्ही तिथे इतक्यांदा गुडघे टेकलेत, एकदा आडवेही झालात, आणि त्या ओळीच्या टोकाशी एका माणसाची जागा मोकळी आहे, तिथे आपल्या रीतीने निजलेल्या माणसाकडे सातही लेकरांची तोंडं आहेत, हे तुमच्या ध्यानात आलं नाही. रहीमचाचांनी पावसात केलेल्या चुकीत ते पहिल्या दिवसापासून होतं. मला असं वाटतं की हे ऐकून तुम्ही दिवसभर कुणाशी काही बोलला नसता. नंतर कित्येक दिवस भेटेल त्याला सांगत सुटला असता.

मी यावर विश्वास ठेवतो की नाही, हे तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, म्हणून सांगत नाही. दिशा मात्र मी स्वतः उभा राहून पाहिली. ती बरोबर आहे.

ईस्टरला अजून अवकाश आहे, म्हणून तुमच्या मातीला चुना लावलेला नाही. हैदराबादेला परतण्याच्या दिवशी सकाळी मी तिथे गेलो. अक्का माझ्या आधी आली होती. सात उंचवटे तिच्या पाठीशी होते आणि ती तुमच्या पायथ्याशी, ओल्या मातीला हात लावून बसली होती. मी फाटकाशीच थांबलो आणि तिला हाक न मारता स्टेशनकडे वळलो. इतक्या वर्षांनी तिला एकापाशी बसायला मिळालं होतं. ते एक तुम्ही असावं, असं तिने कधी मागितलं नव्हतं.